घरांत पाळणा हलण्यापूर्वीं

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. एकाच्या उत्तरेस घोड नदी, दोहोंच्या मध्यें भीमा. नदीकांठीं व कालव्याच्या कडेनें ऊस, आणि जेथें पाणी पोंचत नाहीं तेथें मेंढरांचा उघडा माळ. पाऊस बेताचा व उन्हाळा कडक. रांजणगांव व कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती झाल्यापासून या मुलखांत एक नवा वर्ग येऊन राहिला आहे. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलीं, कारखान्यांत पाळीनें काम करणारीं, एक पाय गांवाकडील वस्तीवर व एक पाय येथील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ठेवून राहणारीं तरुण जोडपीं हा तो वर्ग होय. बिऱ्हाड स्थिरावलें म्हणजे अशा जोडप्याच्या मनांत दोन गोष्टी बहुधा एकदमच येतात : घरांत एखादें कुत्रें असावें, आणि पुढील एक-दोन वर्षांत पाळणा हलावा. मग ओळखीच्या माणसांकडे विचारणा सुरू होते कीं, लहान मुलांत राहील असें कुत्रें कोणत्या जातीचें?

विचारणाऱ्यास उत्तरांची वाण पडत नाहीं. विकणारा लॅब्राडोर सुचवितो. दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलांतून निवृत्त झालेले एखादे मामा अल्सेशियनखेरीज दुसऱ्या कुत्र्यास कुत्रें म्हणावयास तयार नसतात. शेजारीण आपल्या पांढऱ्या पामेरियनचें कौतुक सांगते. आणि सासूबाईंचें मत असें कीं, घरांत तान्हें मूल येणार असतां हें खूळ आतांच कशाला? या चौघांपैकीं सासूबाईंचा प्रश्न सर्वांत अधिक विचार करण्याजोगा आहे. इतर तिघे जातीविषयीं बोलतात, त्या वेळेविषयीं बोलतात. आणि या निवडींत जातीपेक्षां वेळच अधिक महत्त्वाची ठरते.

या मुलखाला कुत्रें नवें नाहीं. दौंडला लागूनच पुरंदर तालुक्यांत जेजुरी आहे. घोड्यावर बसलेल्या खंडोबाच्या तसबिरींत पायाशीं कुत्रा असतोच, आणि त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचीं कुत्रीं म्हणवून घेत आले आहेत. माळावर मेंढरें घेऊन हिंडणाऱ्या धनगराचें कुत्रें लांडग्याशीं गांठ पडणार हें धरूनच वाढविलेलें असतें. त्याच्या गळ्यांत खिळ्यांचा पट्टा बांधण्याची रीत त्यामुळेंच पडली. शेतकऱ्याच्या वस्तीवरील गांवठी कुत्र्यास राखण एवढेंच काम. चतकोर भाकरी मिळाली कीं तें अंगणांत पडून राही, आणि घरांतील मुलें त्याच्या अंगाखांद्यावर खेळूनच मोठीं होत. तेव्हां कोणी जातीचा विचार केला नाहीं आणि कांहीं बिघडलेंहि नाहीं, असें जुनीं माणसें सांगतात. त्यांत तथ्य आहे. परंतु त्या व्यवस्थेंत कुत्रें उंबऱ्याबाहेर व तान्हें मूल उंबऱ्याच्या आंत असे, घरांत चार माणसांचा राबता असे, आणि मुलाला चावलेलें कुत्रें दुसऱ्या दिवशीं वस्तीवर दिसत नसे, या तीन गोष्टी सांगावयाच्या राहून जातात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत उंबरा एकच असतो, व कुत्रें आणि मूल दोघेंहि त्याच्या आंत असतात.

दक्खनच्या माळावरील जातिवंत कुत्रें म्हणावयाचें तर तें कारवान. लांबट तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, आखूड केस आणि खांद्याशीं दोन-सव्वादोन फूट उंची, असा त्याचा बांधा असतो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीची जोपासना केल्यामुळें तिला मुधोळ हाउंड असेंहि नांव मिळालें. भारतीय टपाल खात्यानें ९ जानेवारी २००५ रोजीं देशी कुत्र्यांचीं जीं चार तिकिटें काढलीं त्यांत हें एक होतें, आणि ३० ऑगस्ट २०२० रोजीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील भाषणांत या जातीचा उल्लेख केल्यापासून तिला मागणी बरीच वाढली. येथील ऊन तिला मानवतें, अंगावर केस कमी असल्यामुळें गोचिडी चटकन दिसतात, व खाण्याचे लाड नसतात. स्वभावानेंहि हें कुत्रें घरांत शांत व कांहींसें अलिप्त असतें. परंतु तें शेंकडों वर्षें एकाच कामासाठीं निपजविलेलें आहे : पळणारी लहान वस्तु दिसली कीं तिच्यामागें झेप घ्यावयाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सशाची शिकार हा गुन्हा ठरला, म्हणून त्याच्या अंगांतील धांव गेली असें होत नाहीं. ज्याच्यापाशीं कुंपण घातलेलें रान आहे व सकाळ-संध्याकाळ त्याला पळविण्यास माणूस आहे, त्यानें कारवान अवश्य पाळावें. रांजणगांवच्या तिसऱ्या मजल्यावर तें पाळणें हा त्या कुत्र्यावर अन्याय आहे, आणि कंटाळलेल्या कुत्र्याच्या घरांत रांगतें मूल असणें हा मुलावर.

परदेशी जातींत पहिली चाळणी उन्हाची लावावी. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांतून; बाकीचें शरीर तें जीभ बाहेर काढून व धापा टाकून थंड करतें. दौंडला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, वीज जाते, आणि पत्र्याखालच्या खोलींत माणसाचाहि जीव कासावीस होतो. अशा ठिकाणीं सेंट बर्नार्ड किंवा हस्की आणणें हें केवळ हौसेचें लक्षण होय. चपट्या नाकाचा पग दिसावयास गोजिरवाणा खरा, पण त्या नाकामुळेंच त्याला धापा नीट टाकतां येत नाहींत. अल्सेशियन कुत्रें हुशार व इमानी आहे. मात्र त्याला रोजचें शिक्षण व काम लागतें, आणि घरांत मूल आल्यावर नेमका हाच वेळ कोणापाशीं उरत नाहीं. पामेरियन लहान म्हणून लहान मुलास बरें, हा समज सर्वांत फसवा. लहान कुत्र्यास मुलाच्या हातून दुखापत लवकर होते, म्हणून तें लवकर घाबरतें व लवकर चावतें. लॅब्राडोर मूळचें न्यूफाउंडलंडकडील कोळ्यांचें कुत्रें. पाण्यांत पडलेली वस्तु दांत न लावतां उचलून आणणें हा त्याचा पिढीजात धंदा असल्यामुळें त्याचें तोंड मऊ व वृत्ति माणसाळलेली असते, ही कीर्ति पुष्कळशी खरी आहे. तरी दीड वर्षाचा तीस किलो वजनाचा लॅब्राडोर दाराची घंटा वाजली म्हणजे जो उधळतो, त्याच्या वाटेंत नुकतें उभें राहूं लागलेलें मूल असेल तर प्रेमानेंहि कपाळमोक्ष होऊं शकतो.

राहिलीं तीं झुंजीसाठीं व कडक पहाऱ्यासाठीं निपजविलेलीं कुत्रीं. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें १२ मार्च २०२४ रोजीं राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींच्या विक्रीस व पैदाशीस बंदी सुचविली होती. कर्नाटक उच्च न्यायालयानें पुढच्याच महिन्यांत तें पत्र रद्द केलें. कायद्याचा वाद कसाहि असो, ज्या कुत्र्याचा जबडा एकदां चुकला तर दुसरी संधि मिळत नाहीं, तें पहिलें मूल होऊं घातलेल्या घरांत शिकाऊ माणसानें आणूं नये.

येथवरची निवड शरीराची झाली. स्वभावाचें काय, या प्रश्नाला जात फार थोडें उत्तर देते. एप्रिल २०२२ मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या धन्यांकडून माहिती घेऊन सुमारें दोन हजार कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याशीं ती ताडून पाहण्यांत आली. एका कुत्र्याच्या वागण्यांत व दुसऱ्याच्या वागण्यांत जो फरक दिसतो, त्यापैकीं अवघा नऊ टक्के फरक जातीवरून सांगतां येतो, असें त्यांत आढळलें. एका जातीचीं दोन पिलें दोन भावांइतकीं निराळीं निघूं शकतात, हें ज्यानें कुत्रीं पाळलीं आहेत त्याला सांगावयास नको.

मग स्वभाव घडतो कोठें? बराचसा पहिल्या तीन महिन्यांत. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत बार हार्बर येथें वर्षानुवर्षें पिलें वाढवून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत असें दाखविलें आहे कीं, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं ज्यांच्या सहवासांत असतें त्यांनाच तें आपलें मानूं लागतें. या मुदतींत ज्यानें लहान मूल पाहिलें नाहीं, त्याचें रडणें, किंचाळणें, वेडेवांकडें पाऊल टाकणें अनुभविलें नाहीं, त्याला पुढें मूल हा एक विचित्र व भीतिदायक प्राणी वाटतो. हल्लीं बाजारांत पुष्कळ पिलें महिनाभराचीं असतांच आईपासून तोडून विकलीं जातात. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां येत नाहीं, आणि हा नियम निव्वळ दयेपोटीं केलेला नाहीं. भावंडांशीं झोंबतांना दांत किती जोरानें लावावेत याचा पहिला धडा पिलूं याच आठवड्यांत शिकतें. म्हणून पिलूं घ्यावयाचें तर आई पाहूनच घ्यावें. जी कुत्री परक्या माणसास पाहून खाटेखालीं शिरते किंवा दांत दाखविते, तिचें पिलूं कागदोपत्रीं कितीहि उच्च कुळींचें असलें तरी नको म्हणावें. पिलांच्या घोळक्याजवळ एखादा स्टीलचा पेला जमिनीवर टाकून पाहावा. दचकून दूर पळालेलें व कोपऱ्यांतून न हललेलें पिलूं सोडावें, दचकून पुन्हा पेला हुंगावयास आलेलें घ्यावें. आपल्याकडील गांवठी कुत्र्या बहुधा पावसाळ्यानंतर वितात, आणि हिवाळ्यांत गल्लोगल्लीं पिलें दिसतात. त्यांतलें एखादें माणसांच्या घोळक्यांत वाढलेलें पिलूं या हवेला व या घराला कोणत्याहि विकतच्या पिलाइतकेंच साजेल, किंबहुना प्रकृतीनें अधिक टणक निघेल.

परंतु ज्या जोडप्याला वर्षभरांत मूल हवें आहे त्यानें पिलूं मुळींच घेऊं नये. याचें कारण हिशेबानें पाहावें. समजा, पत्नीला तिसरा महिना लागला असतां दोन महिन्यांचें पिलूं घरांत आलें. बाळ जन्मेल तेव्हां तें आठ-नऊ महिन्यांचें, म्हणजे ऐन अवखळ वयाचें असेल. बाळ रांगूं लागेल तेव्हां कुत्रें दीड वर्षाचें, पूर्ण वाढलेलें, पण अजून पुरतें समंजस न झालेलें असेल. शिकविण्याचा सगळा काळ बाळंतपणांत गेलेला असेल. त्यांतून आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरीं जाण्याची चाल. सातव्या महिन्याचें डोहाळजेवण आटोपलें कीं सून माहेरीं जाते व बाळ दोन-तीन महिन्यांचें झाल्यावर परत येते. हे पांच-सहा महिने कुत्रें कोणापाशीं असतें? नवऱ्याची रात्रपाळी असते. सुट्टीच्या दिवशीं तो सासुरवाडीस जातो. जें कुत्रें रोज दोन वेळां फिरावयास जात होतें तें दहा-दहा तास कोंडलेलें राहतें, दार ओरबाडतें, रात्रीं विव्हळतें, आणि घरमालकाची तक्रार येते. ज्या बाईच्या हातचें तें खात होतें ती एक दिवस नाहींशी होते; सहा महिन्यांनीं परत येते तेव्हां तिच्या मांडीवर कोणी दुसरेंच असतें, आणि जवळ गेलें कीं हाडहुड होते. यांत कुत्र्याची जात कोणती हा प्रश्न कोठेंच येत नाहीं.

यासाठीं दोन वाटा बऱ्या. ज्यांना मूल दोन वर्षांनीं हवें आहे त्यांनीं पिलूं आज आणावें. ज्यांना लवकर हवें आहे त्यांनीं दोन-तीन वर्षांचें, मुलांत वावरलेलें, ज्याचा स्वभाव डोळ्यांनीं पाहतां येतो असें कुत्रें एखाद्या ओळखीच्या घरून घ्यावें. तेंहि दिवस जाण्यापूर्वीं चार-सहा महिने. मोठें कुत्रें नव्या धन्याला जीव लावीत नाहीं हा समज खोटा आहे. आणि दिवस आधींच गेले असतील तर मूल पांच-सहा वर्षांचें होईपर्यंत थांबावें. तेव्हां कुत्र्याला पाणी घालण्याचें काम त्या मुलाकडेच सोंपवितां येतें.

न थांबल्यास काय होतें, तें या दोन तालुक्यांत पुष्कळदां पाहावयास मिळतें. बाळ घरीं आलें कीं कुत्रें गांवाकडे जातें. तेथें मोकळी हवा आहे, आजी-आजोबा आहेत, आणि राखणीलाहि उपयोग होईल, असें म्हणून तें वस्तीवर चिंचेखालीं साखळीला बांधलें जातें. सणावारीं किंवा उन्हाळ्यांत मूलहि त्याच वस्तीवर राहावयास जातें. येथें या मुलखाची सर्वांत गंभीर गोष्ट पुढें उभी राहते, व ती म्हणजे बिबट्या.

शिरूर तालुका जुन्नर वनविभागांत मोडतो. उंच वाढलेल्या उसांत बिबट्याला आडोसा, पाणी व निवांतपणा मिळतो. त्याच्या माद्या उसांतच वितात. भीमाकांठच्या दौंडच्या उसांतहि त्याचा वावर आहे. तो तेथें खातो काय, याचा अभ्यास शेजारच्या नगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अथ्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. बिबट्याच्या विष्ठेवरून त्यांनीं हिशेब मांडला, तेव्हां भक्ष्याच्या एकूण वजनापैकीं सत्याऐंशीं टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यांत सर्वांत मोठा, म्हणजे एकोणचाळीस टक्के वांटा, एकट्या कुत्र्यांचा होता. शेळ्या संख्येनें कितीतरी अधिक असूनहि त्या रात्रीं गोठ्यांत कोंडलेल्या असतात. कुत्रें उघड्यावर असतें. अंगणांत साखळीनें बांधलेलें कुत्रें भुंकूं शकतें, पण पळूं शकत नाहीं. बिबट्याला तें राखणदार वाटत नाहीं, वाढून ठेवलेलें ताट वाटतें.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्यें पिंपरखेड-जांबूत या शिरूर तालुक्याच्या परिसरांत अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत दोन लहान मुलें होतीं. लोकक्षोभ उसळला, रस्ते अडविण्यांत आले, आणि अखेर एक बिबट्या गोळी घालून मारण्यांत आला. त्या दिवसांत गळ्याभोंवतीं खिळ्यांचा पट्टा बांधून शेतावर जाणाऱ्या स्त्रियांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत छापून आलीं. धनगरानें कुत्र्याच्या गळ्यांत घातलेली वस्तु माणसाच्या गळ्यांत आली. हे हल्ले कुत्र्यांमुळें झाले असें कोणी म्हणूं नये. परंतु ज्या अंगणांत मूल खेळतें त्याच अंगणांत बिबट्याला रोजच्या रात्रींच्या फेरीचें कारण देऊं नये, एवढें त्यावरून खचित शिकतां येतें. उसाच्या कडेची वस्ती असेल तर कुत्रें सूर्यास्तानंतर घरांत किंवा लोखंडी जाळीच्या बंदिस्त खोपटांत असावें, त्याचें उष्टें अंगणांत राहूं नये, आणि मुलाला तिन्हीसांजेला बाहेर धाडतांना 'कुत्रें आहे सोबतीला' या भरंवशावर राहूं नये. कोणत्याहि जातीचें एकटें कुत्रें बिबट्यापुढें टिकत नाहीं. कारवान नाहीं, अल्सेशियन नाहीं, डोबरमनहि नाहीं.

घरच्या आंतील धोके याहून लहान, पण अधिक नित्याचे आहेत. पहिला जलसंत्रास, म्हणजे रेबीज. हा रोग एकदां उमटला कीं त्यावर उपाय नाहीं असें म्हटलें तरी चालेल, आणि माणसांत तो येतो तो शंभरांत नव्व्याण्णव वेळां कुत्र्याकडून. जगांत संशयित जनावर चावलेल्यांपैकीं सुमारें चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुलें असतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल उंचीनें लहान असल्यामुळें त्याला चावा तोंडावर व मानेवर बसतो, आणि विषाणूला मेंदूपर्यंतची वाट जवळची पडते. लुई पास्तरनें ६ जुलै १८८५ रोजीं आपली लस प्रथम ज्याला टोंचली तो जोसेफ मैस्टर नऊच वर्षांचा होता. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यांत लस टोंचून पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती चालू ठेवणें, हें घरांत कुत्रें आणणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. इतकें असूनहि चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि तडक सरकारी रुग्णालय गांठावें. जखमेवर चुना, तिखट किंवा हळद भरूं नये, व उतारा करणाऱ्याकडे जाण्यांत दिवस घालवूं नये. गरोदर बाईला कुत्रें चावलें असतां पोटांतल्या बाळाच्या भीतीनें लस टाळणारीं माणसें आहेत; ही भीति निराधार आहे. लस गरोदरपणांतहि घेतां येते व घेतलीच पाहिजे.

दुसरा धोका जंतांचा. पुष्कळ पिलें आईच्या पोटांतूनच जंत घेऊन जन्मतात, व आईच्या दुधांतूनहि ते त्यांना मिळतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास त्यांना जंतांचें औषध द्यावें लागतें. विष्ठेंतील अंडीं मातींत दोन-तीन आठवडे राहिल्यावर बाधक होतात. ती रोजच्या रोज उचलून टाकली तर माती खाणाऱ्या मुलाला त्यांपासून भय राहत नाहीं. मेंढरांच्या या मुलखांत आणखी एक जपावें. मेंढीचें काळीज-फुप्फुस कच्चें कुत्र्यापुढें टाकण्याची संवय यात्रेच्या दिवसांत सर्रास दिसते. त्यांत पाण्याच्या फोडासारख्या गांठी असल्या तर कुत्र्याच्या पोटांत त्यांचे बारीक फीतकृमि होतात, आणि त्यांचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेल्यास तशाच गांठी माणसाच्या यकृतांत वाढतात. कोंथळा शिजवूनच घालावा. गर्भाला बाधणारा टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा जो रोग कुत्र्याच्या माथीं मारला जातो, त्याचीं अंडीं मांजराच्या विष्ठेंतून पडतात, कुत्र्याच्या नव्हे. कुत्र्यामुळें मुलांना दमा होतो या समजाबद्दल सांगावयाचें तर, स्वीडनमध्यें लक्षावधि मुलांच्या नोंदींवरून २०१५ सालीं निघालेला निष्कर्ष उलटच आहे : ज्यांच्या घरीं पहिल्या वर्षीं कुत्रें होतें, त्या मुलांत शाळेच्या वयांत दम्याचें प्रमाण कांहींसें कमी आढळलें. ज्या घरांत आईबापांनाच कुत्र्याच्या केसांनीं शिंका येतात, त्यांनीं मात्र आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा.

सर्व निवड योग्य झाली तरी बाळ घरीं येण्याचा दिवस नीट साधावा लागतो. पत्नी माहेरीं असतां नवऱ्यानें दोन कामें करावीं. फिरावयास नेण्याच्या व खाणें घालण्याच्या वेळा, पुढें बाळ आल्यावर ज्या पाळतां येतील त्याच आतांपासून ठेवाव्या. आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला लाकडी फळी किंवा जाळी बसवून कुत्र्याला त्या बाहेर थांबण्याची संवय लावावी. साडीची झोळी आढ्याला बांधण्याची आपली रीत बाळाला सुखाची असते, पण ती कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर हलते, आणि आंतून बारीक आवाज येतो. पळत्या वस्तूमागें धांवणाऱ्या जातीला याहून मोठें आमिष नाहीं. कुत्र्याच्या घरीं उंच व पक्क्या कडांचा पाळणाच बरा. बारशाला नवरा माहेरीं जाईल तेव्हां परततांना त्यानें बाळाचें एक वापरलेलें दुपटें बरोबर आणावें व कुत्र्याला लांबूनच हुंगूं द्यावें. तोंडांत धरूं देऊं नये.

पुढें बाळ रांगूं लागल्यावर कुत्र्यानें गुरगुरण्याचा एक दिवस येतो. मुलानें कान ओढलेला असतो किंवा ताटलींत हात घातलेला असतो. अशा वेळीं बहुतेक घरांत कुत्र्याला मार बसतो, आणि ही मोठीच चूक होय. गुरगुरणें हें कुत्र्याचें 'पुरे' असें सांगणें आहे. त्याबद्दल मार खाल्लेलें कुत्रें गुरगुरणें सोडतें, चावणें सोडत नाहीं; पुढच्या खेपेस तें न सांगतां चावतें. मुलाला उचलावें, कुत्र्याला त्याच्या जागेवर जाऊं द्यावें. कुत्र्याच्या जागेवर मुलानें जाऊं नये हा नियम मूल चालावयास लागल्यापासून पाळावा. आणि दोघांना एकटें, दूध उतूं चाललें म्हणून क्षणभरहि, सोडून जाऊं नये.

बाळ-बाळंतीण सासरीं येतात त्या दिवशीं दाराशीं गर्दी असते. कुत्र्याला त्यापूर्वीं लांबवर फिरवून आणावें, म्हणजे तें दमलेलें असेल. आईनें बाळ दुसऱ्याच्या हातांत देऊन आधीं एकटीनें आंत जावें व कुत्र्याला भेटावें. सहा महिन्यांची उडी त्याला तिच्यावरच घ्यावयाची असते. तें शांत झाल्यावर त्याला साखळी लावावी आणि मग उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळावा. ओवाळलेला तुकडा आपल्याकडे बाहेर टाकतात. त्या दिवशीं त्याबरोबर भाकरीचा एक निराळा तुकडा हातांत ठेवावा, आणि बाळ आंत आल्यावर, त्याच्या देखत, तो कुत्र्याला द्यावा.